अकरा भांडी आणि एक चकचकीत रोलर

"रोलर पुसायचा तो चालू ठेवून, कोमट असताना, ओल्या फडक्यानं. घासायचा नाही, पोरी," असं लव्हॉनबाईंनी ब्रिटाला बजावलं होतं. बेसबॉलच्या मैदानावरचा हॉट डॉगचा स्टॉल सव्वीस वर्षं चालवलेली बाई ती. ब्रिटा गोड हसून "हो हो, नक्की" म्हणाली. आमच्या एल्क प्रेअरी गावात तोंडावर "नाही" म्हणायची पद्धत नाही. त्याऐवजी "हो हो, नक्की" म्हणतात.

ब्रिटाला दोन मुलं. धाकट्याची दुधाची बाटली तिनं दोन वर्षं दिवसातून तीनदा उकळली होती. थोरल्याच्या बेसबॉल संघाच्या पालकसभेत यंदा स्टॉल कोण चालवणार असा विषय निघाला, तेव्हा तिनंच हात वर केला. मग नऊ दिवस अभ्यास केला आणि निर्णय दिला: लव्हॉनबाईंचं उकळत्या पाण्याचं पातेलं बंद. त्यात कुठलं सॉसेज कधीपासून पोहतंय हे देवालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरचा रोलर आणायचा. दहा नळ्या फिरतात, त्यांवर सॉसेज भाजत लोळतात, सगळं डोळ्यांसमोर. शनिवारी पहिल्या सामन्याला आरोग्य खात्याचे तपासनीस यायचे होते. त्यांची सही मिळाली नाही, तर स्टॉल अख्ख्या हंगामाला बंद. सव्वीस वर्षांत न झालेली गोष्ट ब्रिटाच्या पहिल्याच शनिवारी झाली असती.

रोलर आला तो काळा कुळकुळीत. ब्रिटानं गॅरेजमध्ये बैठक मारली आणि तारेची घासणी हातात घेतली. अर्ध्या तासात पहिली नळी चांदीसारखी निघाली.

"कर्ट, इकडे ये! बघ रे, किती वर्षांची घाण आहे ही!"

कर्ट, म्हणजे तिचा नवरा, कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. "दहाही नळ्यांवर इतकी सारखी घाण कशी बसली असेल गं?"

"तुला घाण दिसतच नाही. आपल्या घरात तोच तर प्रॉब्लेम आहे."

कर्ट कॉफी पीत आत गेला. दुपारपर्यंत दहाही नळ्या लखलखल्या.

ती घाण नव्हती. सॉसेज चिकटू नयेत म्हणून कारखान्यानं दिलेला लेप होता तो. ही माहिती शनिवारी सकाळी दहा वाजता खुद्द सॉसेजनं दिली. रोलर फिरला, पण सॉसेजची साल नळीलाच धरून बसली आणि उरलेलं सॉसेज उघडंबोडकं होऊन खालच्या ट्रेमध्ये पडलं. मागोमाग दुसरं, मग तिसरं. खिडकीबाहेर तीस माणसांची रांग हे सगळं शांतपणे पाहत होती.

"नवीन पद्धत आहे का?" रांगेतल्या एकानं नम्रपणे विचारलं.

ब्रिटानं सगळे चिकटलेले अवशेष खरवडून काढले, रोलर पुन्हा लखलखीत पुसला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: "कोणाकडे विजेचा स्लो कुकर आहे का? एकच हवाय. लगेच."

वीस मिनिटांत मंद आचेची अकरा विजेची भांडी आली. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आता दहाजणींना "तुमचा नको" असं कोण सांगणार? आमच्याकडे एवढ्यावरून दोन घरांत तीन पिढ्या बोलणं बंद राहतं. ब्रिटानं अकराही भांड्यांत पाणी भरलं आणि अकराही वायरी लावल्या.

स्टॉलमध्ये काळोख झाला. त्याच क्षणी मैदानावरचा धावफलकही विझला.

चौथा डाव रंगात आला होता. पाहुणा संघ नॉर्थ फोर्कचा.

"तुमच्या बहुतेक पाच धावा झाल्या होत्या," त्यांचे कोच म्हणाले.

"सहा. पण तुम्हाला पाच वाटत असतील तर पाच," आमचे कोच म्हणाले.

"नाही नाही, तुम्हाला सहा हव्या असतील तर घ्या ना."

"हव्या असतील म्हणजे?"

आमच्या भागात याहून मोठं भांडण होत नाही. पंचांनी टोपी काढून हातात घेतली.

"कर्ट, पळ!" ब्रिटा ओरडली. "मैदानाच्या टोकाला ती शेड आहे ना, तिथे मेन स्विच आहे. खटका पडला की वर करायचा. पुन्हा पडला की पुन्हा वर. मी सांगेपर्यंत हलायचं नाही! आणि फोन दे तुझा, इथे उजेड नाही."

कर्ट पळाला. फोनच्या उजेडात ब्रिटा वळली, तर दारात तपासनीस मिस्टर डॉर्न, हातात कागद लावलेली फळी आणि थर्मामीटर.

त्यांनी बर्फाच्या पेटीतले सॉसेज तपासले. थंडगार, ठीक. भांड्यांत नुसतं पाणी, त्याला काय नावं ठेवणार? मग ते रोलरपाशी आले. एका नळीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"एकोणीस वर्षं हे काम करतोय," ते हळूच म्हणाले. "हॉट डॉगच्या रोलरमध्ये स्वतःचं तोंड पहिल्यांदा दिसलं."

"घासला जरा," ब्रिटा म्हणाली.

त्यांनी सही केली. वर शेरा मारला: 'आदर्श.'

अकरावं भांडं लव्हॉनबाईंचं होतं. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. "छान घासलायस गं," एवढंच म्हणाल्या आणि बाही सरसावून पाव उघडायला लागल्या.

पुढे सगळं सुरळीत झालं. दर चार मिनिटांनी दिवे जात आणि कुणीतरी जादू केल्यासारखे परत येत. दोनशे हॉट डॉग संपले. सामना बरोबरीत सुटला, कारण आपण एक धाव पुढे आहोत असं म्हणायला कुठलाच कोच तयार नव्हता. ब्रिटानं अकरा भांडी धुऊन अकराजणींना परत दिली आणि लव्हॉनबाईंच्या गाडीतून दोन्ही मुलांना घेऊन घरी आली. सहीचा कागद फ्रिजवर लावला, टेबलावर चार ताटं मांडली. तीन माणसं बसली.

गाडीची किल्ली कर्टच्या खिशात आहे आणि त्याचा फोन ब्रिटाच्या पर्समध्ये. तेव्हा तुमच्यापैकी कुणी मैदानाकडून जाणार असेल, तर टोकाच्या शेडमध्ये जरा डोकावून या. बिचारा खटक्याकडे टक लावून उभा असेल. त्याला म्हणावं, ब्रिटानं सांगितलंय, आता हललास तरी चालेल.