अंगठ्यांना पटेल असा मजकूर

आमच्या गावातल्या अंगठ्यांना वाचता येऊ लागलं, आणि त्यामुळे दूध संस्थेची टाकी सुरू करणं अवघड झालं.

ते कुठे शिकले, हे विचारू नये. श्रावणात देवळात पोथी लावली होती, तेव्हा वाचणाऱ्याचा पानावरचा अंगठा ओळ संपायच्या आधीच पुढे सरकू लागला. गावाला कळलं ते तेवढंच. अंगठे नखाच्या बाजूने वाचतात. हो म्हणायचं असेल तर एकदा वाकतात. नाही म्हणायचं असेल तर डावीउजवीकडे हलतात. एरवी त्यांचा कुणाला त्रास नाही.

मी संस्थेचा चेअरमन. शिक्षण चौथी. पण सही करतो. उभ्या आयुष्यात मी कुठे अंगठा दिलेला नाही. माझ्या वडिलांनी एकदा दिला होता. त्यांना कागद वाचून दाखवला होता. जे वाचून दाखवलं ते कागदात नव्हतं. मळ्यातली विहीर त्या दिवसापासून चुलत्याची झाली. म्हणून मी सही शिकलो.

टाकीला पूर्वी पासवर्ड होता. कुणी विसरू नये म्हणून तो टाकीवरच खडूने लिहिलेला असे. टाकीच्या कंपनीला ते आवडलं नाही. तिने पासवर्ड बंद केला आणि नवीन यंत्र बसवलं. आता सभासदाने यंत्रावर अंगठा ठेवायचा. अंगठा पटला की टाकी गार व्हायला लागते. नाही ठेवला तर दूध कोमट राहतं, आणि कोमट दूध दुपार बघत नाही.

यंत्र बसलं त्या सकाळी टाकी काठोकाठ भरलेली होती. आमच्या संस्थेचं दूध आजवर एकदाही नासून परत आलेलं नाही. हे मी सगळीकडे सांगतो. ते सांगता येईल की नाही, हा त्या दिवशीचा प्रश्न होता.

पडद्यावर लिहिलं होतं : ‘प्रमाणीकरणासाठी आपली जैवमितीय ओळख सादर करावी.’

सेक्रेटरी शामराव मगदूम पुढे झाले. त्यांचा अंगठा पडद्याकडे कलला, शेवटपर्यंत वाचून परत आला आणि मुठीत जाऊन बसला. मागच्या सभासदांचंही तेच झालं. यंत्राने थोडा वेळ वाट पाहिली आणि नवीन वाक्य दाखवलं : ‘वापरकर्ता अवैध.’

तेव्हा रांगेत पुढे आक्काताई चौगुले होत्या. एका म्हशीचं दूध घालतात, पण पाण्याचा थेंब नाही.

“अवैध म्हंजे काय वं?” त्यांनी मगदूमांना विचारलं.

“बेकायदा.”

“मी? अंधारात उठून धार काढतो मी, आणि मी बेकायदा?”

त्यांचा अंगठा पडद्यासमोर ताठ उभा राहिला. त्याचा अर्थ यंत्राला कळला नसेल. आम्हाला कळला.

उपाय करून पाहिले. पडद्यावर टॉवेल टाकला. झाकलेल्या मजकुरावर तर एकही अंगठा उतरेना. तर्जनी चालेल का, तर यंत्र म्हणालं नाही. कंपनीच्या माणसाचा अंगठा चालत नाही, सभासदच हवा. मग मगदूमांनी एका सभासदाचा अंगठा धरून दाबायचं ठरवलं. पण धरायला अंगठा लागतो, आणि मगदूमांच्या अंगठ्याने पकड सोडून दिली. अंगठे एकमेकांविरुद्ध जात नाहीत. हे योग्यच आहे.

कंपनीने यंत्राबरोबर एक मुलगी पाठवली होती. ऋचा सोवनी, पुण्याची.

“तुमचं काम काय?” मी विचारलं.

“पडद्यावरचे शब्द लिहिणं.”

“हे तुम्ही लिहिलंय?”

“नाही. हे वरून आलंय. ते बदलायलाच मला पाठवलंय.”

“एवढंच काम?”

“एवढंच. कधी कधी एका वाक्याला आठवडा जातो, काका.”

“आमच्याकडे दुपारपर्यंत वेळ आहे,” मी म्हणालो.

अंगणात सभासदांची सभा भरवली. अध्यक्षस्थानी मी. मजकूर पडद्यावर लावायचा, सभासदांनी हात पुढे करायचे, अंगठे वाकले तर मंजूर. मगदूम इतिवृत्त लिहायला बसले. त्यांचा अंगठा पेन धरायला तयार होता.

पहिला मजकूर ऋचाने लिहिला : ‘काळजी करू नका. तुमची ओळख पूर्णपणे सुरक्षित आहे.’

अंगठे एक पेर मागे सरकले.

“असं का?” ती म्हणाली.

“शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर काळजी करू नका म्हनला की आमी गावाकडं फोन लावतो,” आक्काताई म्हणाल्या. “काळजीचं नावच कशाला काढलं तू?”

दुसरा मजकूर मी दिला : ‘दाबा.’ माझ्या मते त्यात सगळं आलं. एकही अंगठा वाकला नाही. मगदूम म्हणाले, “अण्णा, ह्यो हुकूम झाला.” मी म्हणालो, हुकूमच आहे. नामंजूर.

तिसरा मगदूमांचा : ‘सन्माननीय अंगठेसाहेब, आपल्या शुभस्पर्शाने ही टाकी पावन करावी, ही नम्र विनंती.’ हा अंगठ्यांना फार आवडला. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग पुन्हा. वाचतच राहिले, दाबायला कुणी येईना. शेवटी पडदा बंद करावा लागला.

मगदूमांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. “अजून गोड हाय. पर लई वेळ न्हाई.”

ऋचाने लिहिणं थांबवलं. ती हातांच्या रांगेसमोर जमिनीवर बसली आणि माणसांकडे न बघता अंगठ्यांशी बोलली.

“तुम्हाला दुखेल असं वाटतं का?”

अंगठे डावीउजवीकडे हलले.

“ठसा कुणी चोरून नेईल असं?”

काही वाकले.

ती आणखी जवळ सरकली. “आपण कशावर उमटतोय, हे कुणी सांगत नाही म्हणून?”

अंगणातला प्रत्येक अंगठा वाकला. म्हाताऱ्या माणसांचे दोनदा वाकले. माझा हात खिशात होता. खिशात काहीतरी हललं. मी लक्ष दिलं नाही.

मग तिने लिहिलं. मध्येच ऑफिसला फोन लावला. ठसा यंत्रातच राहतो का, असं तिने विचारलं. राहतो, पण ‘शक्यतो’ हा शब्द घाला, असं ऑफिस म्हणालं. तिने घातला. अंगठ्यांनी तो वाचला आणि जागच्या जागी ताठ झाले. तिने पुन्हा फोन लावला आणि यंत्र बनवणाऱ्यालाच फोनवर बोलावून घेतलं. “राहतो की नाही?” एवढंच ती विचारत होती. बऱ्याच वेळाने पलीकडून उत्तर आलं असावं. तिने ‘शक्यतो’ खोडला.

मजकूर असा झाला :

‘इथे अंगठा ठेवलात की टाकी गार होऊ लागेल. दुसरं काही होणार नाही. तुमचा ठसा ह्या यंत्रातच राहतो. तो कुठल्याही कागदावर जाणार नाही. जुळला नाही तर चूक तुमची नाही. हात पुसून पुन्हा ठेवा. आज नको वाटत असेल तर ठेवू नका. दुसरा सभासद ठेवील.’

अंगठे वाकले. सगळे. मगदूमांनी ‘एकमताने मंजूर’ लिहिलं.

पण पुढे कुणी येईना. अंगठे पडद्याकडून वळले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

“मजकूर चांगला हाय,” आक्काताई म्हणाल्या. “पर पैला मान चेअरमनचा.”

“मी सही करतो.”

“यंत्राला सही कळत न्हाई, अण्णा.”

“मी अंगठा देत नाही. गावाला माहीत आहे.”

“माहीत हाय. तुमच्या सहीनं दूध गार हुतं का, ते सांगा.”

टाकीच्या पत्र्याला हात लावला तर तो गरम लागत होता. मगदूमांनी झाकणाला हात घातला, पण उघडलं नाही. वास घ्यायची त्यांना भीती वाटत असावी.

मी हात खिशातून काढला.

माझ्या अंगठ्याला कधी काम पडलेलं नव्हतं. नांगर, विळा, कासरा हे वेगळं. वाचायचं काम पडलेलं नव्हतं. तो पडद्याकडे कलला आणि एकेक अक्षर लावू लागला. इ. थे. मी चौथीत असाच वाचत होतो. मागे सभासद उभे होते. कुणी घाई केली नाही. दुधाला घाई होती, पण ते बोलू शकत नव्हतं.

‘तो कुठल्याही कागदावर जाणार नाही’ इथे तो थांबला. परत मागे गेला. ती ओळ त्याने पुन्हा लावली. मग उभा राहिला आणि ऋचाकडे वळला.

“काय विचारतोय?” ती म्हणाली.

“हे खरं आहे का, विचारतोय,” मी म्हणालो. “वाचून दाखवलंय एक आणि आहे दुसरं, असं तर नाही?”

“त्याने स्वतः वाचलंय, काका. मी वाचून दाखवलेलं नाही.”

अंगठा पुन्हा पडद्याकडे वळला. मग एकदा वाकला. मी त्याला काही सांगितलं नाही. तो आपणहून गेला आणि काचेवर टेकला.

टाकी घरघरली. पडद्यावर आलं : ‘ओळख पटली. टाकी गार होत आहे. आता अंगठा उचललात तरी चालेल.’

त्याने उचलला नाही. तेही वाचलं, मग उचलला.

मगदूमांनी झाकण उघडलं, वाकले, आणि बराच वेळ वास घेत राहिले. “गोड हाय,” ते म्हणाले, आणि धोतराने डोळे पुसले. दूध गाडीने गेलं. परत आलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. टाकी रोज सकाळी मीच सुरू करतो. मजकूर तोच आहे. माझा अंगठा तो रोज पहिल्या अक्षरापासून वाचतो, आणि अजून त्याचा वेग वाढलेला नाही. रांगेतला एखादा नवीन सभासद कुरकुर करतो.

“अण्णा, कालचंच लिवलंय की त्यात!”

“काल कालचं वाचलं,” मी सांगतो. “आज आजचं वाचतोय. किटली खाली ठेव.”

तो किटली खाली ठेवतो.