चिखलाची खात्री

ज्या वस्तूचा आकडा नाही, तिचं रक्षण करता येत नाही. पूर्वीचे लोक अडाणी, म्हणून खाडीतली खारफुटी न मोजता तशीच उभी राहू देत. तिच्या मुळांखालच्या चिखलात शेकडो वर्षांचा कार्बन निमूट दडून बसला होता आणि त्याची कुणाला दखलही नव्हती. हा बेजबाबदारपणा किनारा संरक्षण कार्यालयाने संपवला. त्याचं सारं श्रेय तिथल्या मोजणी अधिकाऱ्याचं. कार्यालयात त्याला सगळे 'तंतोतंत' म्हणत. (तोंडावर साहेब.)

चिखलातला कार्बन मोजायची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. लांब नळी चिखलात खुपसायची, आतला चिखल काढून वाळवायचा, वजन करायचं, मग तो भट्टीत जाळायचा आणि पुन्हा वजन करायचं. वजन किती घटलं, त्यावरून कार्बन किती सुरक्षित आहे ते कळतं. (धूर धुराड्यातून बाहेर जातो. धुराचा विषय दुसऱ्या खात्याकडे आहे.)

पहिल्या वर्षी तंतोतंतने मोजक्या ठिकाणचे नमुने घेतले. आढावा समितीने त्याची पाठ थोपटली आणि सहज विचारलं, की मधल्या जागांत काय आहे? तंतोतंत सरळ माणूस, अंदाजपंचे बोलणं त्याला जमायचं नाही. त्याने मधल्या जागा खणल्या. मग समितीला त्यांच्या मधल्या जागांची शंका आली. विज्ञान असंच पुढे सरकतं. नळ्यांची होडी आत जाईना, तेव्हा वाटेपुरती झाडं तोडली. तोडलेली झाडं मोजायची सोडून कशी चालतील, म्हणून तीही भट्टीत गेली. खात्री दरवर्षी वाढत होती: साठ टक्के, ऐंशी टक्के, ब्याण्णव टक्के. राहिला एकच पट्टा, ताईच्या घरामागचा.

ताई म्हणजे तंतोतंतची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला खाडीकाठच्या त्या दोन खोल्यांत वाढवलं. भरतीचं पाणी मागच्या झाडांत अडायचं आणि मुकाट परत जायचं. हे त्याने लहानपणी मागच्या दारात बसून पाहिलं होतं, त्यामुळे पट्टा वगळावा असं त्याच्या मनात आलं, हे इथे नमूद करायला हवं. पण बहिणीच्या दारातली झाडं सोडली तर लोक वशिला म्हणतील. माणसाने नाव जपावं. त्याने सही केली.

खात्री शंभर टक्के झाली, सत्कार झाला. पुढच्याच उधाणाला पाणी ताईच्या घरात शिरलं. तंतोतंत धावत गेला, तेव्हा ती पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, मांडीवर स्टोव्ह. पॅन्ट दुमडून तो आत शिरला आणि तिची समजूत घालू लागला, की निदान त्या झाडांखाली किती कार्बन होता, ते आता आपल्याला नेमकं ठाऊक आहे.

"मग आता कुठंय तो?" ताईने विचारलं.

"अहवालात."

"मग त्या अहवालालाच सांग, पाणी अडव म्हणावं."

तंतोतंतने तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. (वजन केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मोजायची लाज वाटली.)

अहवाल मात्र देशोदेशी वाखाणला गेला. तपासून खात्री केलेला चिखल मिळतो कुठे? विमान कंपन्यांनी आपल्या धुराची भरपाई म्हणून तो हातोहात उचलला आणि प्रवाशांच्या नावावर वाटून टाकला. मागच्या सुटीत तिकीट काढताना 'माझ्या प्रवासाचा धूर भरून काढा' या चौकोनावर तुम्ही टिचकी मारलीत, आपण आपल्यापुरतं केलं असं घरी सांगितलंत आणि मग खिडकीची जागा निवडलीत, आठवतं ना? अगदी निर्धास्त राहा. तुमच्या वाट्याला ताईच्या घरामागचा पट्टा आला आहे.