सक्तीचा खाना

मोहाडीच्या भूपेंद्रने विणकर महिलांच्या संस्थेच्या वेबसाइटसाठी फ्रेमवर्क, म्हणजे तिचा तयार सांगाडा, निवडायला एकवीस दिवस लावले. शेवटी जे निवडलं, त्यात किंमत, रंग असा पानावरचा माहितीचा प्रत्येक खाना आधी कोडमध्ये लिहावा लागे. असली चीज वापरणारे तालुक्यात आपण एकटेच, या विचाराने तो आठवडाभर स्वतःवरच खूश होता.

संस्थेच्या कुसुमताईंनी एवढंच विचारलं, "मले नवीन खाना टाकाचा असला त?"

"फोन करा ना ताई. मी कोड लिहून देतो, दोन मिनटाचं काम."

"म्हणजे दरवेळी तुलेच बोलवा लागन?"

"त्यातच त मजा आहे!" भूपेंद्र म्हणाला. मजा नेमकी कोणाची, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पुढच्या रविवारी तो आईबरोबर साकोलीला मुलगी पाहायला गेला. मुलीकडच्यांवर छाप पडावी म्हणून लॅपटॉपही नेला. मुलगी, दामिनी, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि फोन वाजला.

"भूपेंद्र, प्रदर्शनात लोक मोबाइलवर साड्या पाहून राहिले," कुसुमताई घाईत होत्या. "ब्लाउज पीस आहे का नाही, विचारून राहिले. तसा खाना टाक लवकर."

"रविवारी बी काम?" दामिनीचे वडील खुशालराव म्हणाले.

"माझ्याशिवाय अडते त्यायचं," भूपेंद्रने ऐटीत लॅपटॉप उघडला. खाना लिहिला आणि कोणी रिकामा ठेवू नये म्हणून सक्तीचा करून टाकला. पण जुन्या एकशे बारा साड्यांपुढे तो रिकामाच होता. वेबसाइटने एकशे बाराच्या एकशे बारा साड्या नाकारल्या.

फोन पुन्हा वाजला. "अरे, एकही साडी दिसून नाही राहिली! मी का आता लोकायले रिकामं पान दाखवू?"

भूपेंद्रने एक ओळ बदलली, मग दुसरी. मग पहिली कोणती होती तेच आठवेना. कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला. खुशालरावांनी न सांगता पंखा वाढवला.

"तो खाना सक्तीचा काहून केला?" दामिनीने मागून विचारलं. ती साकोलीतच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. "सरका जरा."

भूपेंद्र सरकला. दहा मिनिटांत साड्या परत आल्या. मग दामिनी कुसुमताईंशी फोनवर अर्धा तास बोलली आणि वहीत काहीबाही लिहून घेत राहिली. नवरदेव गार पोहे खात बसला.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "आई, जमलं समज."

"तिले जमलं बाप्पा," आई म्हणाली. "तुले काही जमल्यासारखं मले नाही दिसलं."

दोन दिवसांनी निरोप आला, तोही कुसुमताईंकडून. "दामिनी लग्नाले नाही म्हणते रे. पण वेबसाइट सांभाळाले हो म्हणली."

भूपेंद्र मोठेपणा दाखवत म्हणाला, "ठीक आहे ताई. पासवर्ड देतो तिले."

"राहू दे. तो तिनं कालच बदलला."