आतलं कार्ड

"दहा मिनिटं दे," असं इंद्रजित सकाळी नऊ वाजता बायकोला म्हणाला. त्याच्या आवाजात असा भरवसा होता, की दीपा निर्धास्तपणे आंघोळीला निघून गेली. इंद्रजित आर्णीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. घरातला मिक्सर, दोन पंखे आणि शेजारच्या बेबीताईंचा कूलर, एवढ्यांना त्याचा हात लागलेला होता. त्यातली निम्मी यंत्रं नंतर चालूही झाली होती. त्यामुळे लॅपटॉपमधून वायफायचं चिन्हच नाहीसं होणं ही त्याच्या लेखी नाक शिंकरण्याइतकी किरकोळ बाब होती.

दीपाच्या लेखी मात्र तो दिवस किरकोळ नव्हता. दुपारी दोनला तिची ऑनलाइन मुलाखत होती. एका कृषी संशोधन संस्थेला कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा अभ्यास करायला संशोधन सहायक हवा होता. दीपानं एम.एस्सी. केलं होतं ते याच अळीवर. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि अळी तेवढी शिवारात राहिली. याआधी दोनदा तिनं अर्ज केले होते. दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव आलं नाही. आता वयाची अट ओलांडायला दोन महिने उरले होते. म्हणजे ही शेवटची. तिनं बारा चित्रपट्ट्या, म्हणजे मुलाखतीत पडद्यावर दाखवायच्या स्लाइड, तयार केल्या होत्या, बत्तीस शेतांमध्ये पायी हिंडून आकडे गोळा केले होते, आणि हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं.

घरात नेटची वेगळी जोडणी नव्हती. मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचा आणि लॅपटॉपनं तो हवेतून पकडायचा, अशी रीत होती. काल संध्याकाळपर्यंत त्यानं तो मुकाट पकडला होता. आज सकाळी त्याला काही पकडायचंच नव्हतं.

इंद्रजितनं लॅपटॉप बंद करून चालू केला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जरा दमात घेऊन. लॅपटॉपच्या पोटातल्या सगळ्या भागांची यादी त्यानं उघडली. कॅमेरा होता, आवाज होता, त्याला कधीच ठाऊक नसलेले वीसेक भाग होते. वायफायचं कार्ड तेवढं नव्हतं. त्याचा ड्रायव्हर नव्यानं टाकायला हवा, असं मोबाईलवरच्या एका व्हिडिओनं सांगितलं. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा होता. नेट यायला ड्रायव्हर हवा होता. या विहिरीत इंद्रजित पाऊण तास गोल गोल फिरला. दहा वाजले.

दीपा केस पुसत येऊन उभी राहिली. काय झालं, असं तिनं विचारलं. सापडलंच समज, असं तो म्हणाला. ती गेली, पाच मिनिटांनी परत आली, घड्याळाकडे बघून परत गेली. असं तिनं साताठ वेळा केलं. त्या घरात त्या दिवशी कुणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं. इंद्रजित खुर्चीत बसे, उठे, अंगणात जाई, मोबाईल कानाला लावी आणि कुणी उचलला नाही की परत येई.

शेवटी राजकुमारनं फोन उचलला. हा त्याचा कॉलेजचा मित्र, जवळच्याच तांड्यावरचा, पूर्वी कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला असलेला. आता तो गावोगावी सोलर पंप बसवत हिंडायचा. वाऱ्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून इंद्रजित अंगणात ओरडून बोलत होता.

"अरे, कार्डच दिसून नाही राह्यलं. काल संध्याकाळपर्यंत आतच होतं ना भाऊ!"

राजकुमारनं सांगितलं, की मागचं झाकण उघड, कार्ड जागेवरून हललं असेल, दाबून बसव. नाही जमलं तर हात लावू नको, दुकानात ने. यातलं शेवटचं वाक्य वाऱ्यानं नेलं, असं इंद्रजित पुढे सांगायचा.

ओट्यावर तूर निवडत बसलेल्या नलूबाईंनी, म्हणजे इंद्रजितच्या आईनं, मात्र आपल्या वाटणीचं वाक्य नीट ऐकलं. पोराचं कार्ड हरवलं. त्या सूप खाली ठेवून आत गेल्या आणि नवऱ्याला ही बातमी दिली.

बाबाराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं खांबावर काढून ते धडधाकट उतरले, याचं श्रेय ते एकाच नेमाला द्यायचे: काहीही बिघडलं की आधी लाइन बंद करायची, मग बघायचं. बाबाराव चष्मा लावून मुलाजवळ आले. मुलगा लॅपटॉप पालथा घालून त्यावर वाकला होता. अकरा स्क्रूंपैकी नऊ निघून स्टीलच्या वाटीत पडले होते, दहावा त्याच्या दातात होता, आणि अकरावा रबरी पायाखाली लपलेला आहे हे त्याला अजून कळायचं होतं.

"कोनतं कार्ड गेलं रे?" बाबारावांनी विचारलं.

"आतलं," इंद्रजित दातातला स्क्रू सांभाळत म्हणाला. "ज्याच्यानं नेट येते ते."

बाबारावांना एवढं पुरेसं होतं. नेट ज्यानं येतं ते कार्ड म्हणजे सिमकार्ड. घरातली सगळी सिमकार्डं त्यांच्याच नावावर होती, कारण ती त्यांनीच घेतली होती. हरवलेलं कार्ड कुणाच्या हाती लागलं तर माणूस कसा लुटला जातो, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. पोरगा कामात आहे, सून काळजीत आहे, त्यांना कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून त्यांनी आधार कार्ड खिशात घातलं, स्वतःचा मोबाईल घेतला आणि स्कूटीला किक मारून बाजाराकडे निघाले. बाबाराव कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. घरात येरझारा घालणारा एक माणूस कमी झाला, एवढंच सगळ्यांना बरं वाटलं.

बारा वाजता झाकण उघडलं. कार्ड तिथेच होतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, त्याला दोन बारीक वायरी, एक काळी आणि एक पांढरी. इंद्रजितनं ते दाबलं. काही झालं नाही. काढून फुंकर मारली आणि परत बसवलं. या खटाटोपात पांढरी वायर कार्डापासून सुटून त्याच्या बोटांत आली. तिचं ते मोहरीएवढं टोक परत बसवायला त्यानं नखं वापरली, मग भुवयांचा चिमटा, मग देवाचं नाव. चिमटा दीपाचा होता, आणि तो ती शोधत होती.

दीडला दीपा निळी साडी नेसून, केस बांधून समोर येऊन बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघायची इंद्रजितची हिंमत होईना. आता निदान झाकण तरी लावायला हवं, म्हणून त्यानं हाताला लागले तेवढे सात स्क्रू पिळले. दीपानं लॅपटॉप आपल्याकडे ओढून सुरू केला. मग कपाटातून मोबाईल चार्ज करायची वायर आणली, तिचं एक टोक मोबाईलला आणि दुसरं लॅपटॉपला लावलं, मोबाईलवर कुठेतरी बोट फिरवलं. लॅपटॉपवर नेट आलं. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल. हे तिला तिच्या मैत्रिणीनं, प्रेरणानं, कधीतरी शिकवलं होतं.

"तुले माहीत होतं त सकाळीच काहून नाही सांगतलं?" इंद्रजितनं विचारलं. भुवयांचा चिमटा अजून त्याच्या बोटांत होता.

"सकाळी तुम्ही दहा मिनिटं म्हणलं होतं," दीपा म्हणाली.

दोनला मुलाखत सुरू झाली. पलीकडे तिघं होते, मधोमध एक वयस्क, करारी मॅडम. दीपाचा आवाज पहिली दोन वाक्यं थरथरला, मग स्थिर झाला. इंद्रजित दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. दोन वाजून अकरा मिनिटांनी चौथ्या पट्टीवर मॅडमचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि तसंच राहिलं.

दीपाच्या मोबाईलवर सिमचं चिन्ह नव्हतं. इंद्रजितनं धावत आपला मोबाईल आणला. त्यावरही नव्हतं. नलूबाईंचा बटणांचा फोन काढला, तोही मुका. अख्ख्या आर्णीचं टॉवर पडलं, असं म्हणत तो गच्चीवर धावला, तिथून खाली, तिथून रस्त्यावर. तेवढ्यात बेबीताई फाटकातून आत येत होत्या, आणि त्यांच्या हातातला मोबाईल खणखणीत वाजत होता. कार्ड सापडलं का, हे विचारायला त्या आल्या होत्या. नलूबाईंनी त्यांना सकाळीच कळवलं होतं.

इंद्रजितनं त्यांना हाताला धरून जवळजवळ उचलूनच आत नेलं. बेबीताईंच्या मोबाईलचं चार्जिंगचं भोक सैल होतं. वायर एका ठराविक कोनात, एका ठराविक जोरानं दाबून धरली तरच टिकायची, आणि तो कोन फक्त बेबीताईंच्या अंगठ्याला ठाऊक होता. म्हणून त्या दीपाच्या शेजारी स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांत मोबाईल धरून, फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ. बोलू नका, हलू नका, असं इंद्रजितनं त्यांना बजावलं. नऊ मिनिटं गेली होती.

मॅडम पडद्यावर परत आल्या. नाराजी दिसत होती. या बाई कोण, असं त्यांनी विचारलं. दीपानं खरं ते सांगितलं, की आमच्या शेजारीण आहेत, माझं नेट गेलं, मी त्यांच्या फोनवर बोलते आहे, आणि त्यांनी अंगठा काढला की मी जाईन. मॅडमच्या बाजूचे गृहस्थ हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: बोंडअळीचे नर पतंग मादीच्या वासानं ओढून पकडायला शासनानं शेतकऱ्यांना कामगंध सापळे वाटले, तरी बोंडअळी का आवरली नाही?

याचं उत्तर सातव्या पट्टीवर होतं, आणि बेबीताईंच्या तोकड्या नेटवर पट्ट्या पलीकडे जातच नव्हत्या. दीपानं एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिच्या कानशिलावरून घामाचा थेंब खाली आला. दाराआडून इंद्रजितला तो दिसला. बेबीताईंचं पाच एकर कपाशीचं वावर होतं आणि गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी अंगठा हलवला नाही, पण तोंड उघडलं.

"म्याडम, सापळे त देल्ले. त्याच्यातली वासाची गोळी तीन-चार हप्त्यानं बदलवा लागते, हे कोनी सांगतलं नाही. आन् गोळी भेटते कुठी, हे सांगनाऱ्यालेच माहीत नाही. माया सापळ्यात आता माही सून कपडे वाळवाचे चिमटे ठेवते."

इंद्रजितनं डोळे मिटून घेतले. संपलं, असं त्याला वाटलं.

मॅडम पुढे झुकल्या आणि हे खरं आहे का, असं त्यांनी दीपाला विचारलं.

"खरं आहे," दीपा म्हणाली, आणि मग ती थांबलीच नाही. बत्तीस शेतांपैकी सत्तावीस शेतांत सापळे होते. गोळी वेळेवर बदललेली फक्त चारात. त्या चारांत किडकी बोंडं निम्म्याहून कमी. कोणत्या गावात काय दिसलं, कोणत्या बाईनं काय सांगितलं, कोणत्या आठवड्यात पतंग वाढले, सगळं तिच्या तोंडी होतं. पट्ट्यांची तिला गरजच नव्हती, हे तिलाही तेव्हाच कळलं. बोलताना ती हात हलवत होती, आणि मॅडम लिहून घेत होत्या. अर्ध्या तासाची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. शेवटी मॅडमनी बेबीताईंचे आभार मानले. बेबीताई म्हणाल्या की आता अंगठा काढू का, मुंग्या आल्या.

त्याच वेळी बाबाराव घामाघूम होऊन आले आणि त्यांनी टेबलावर तीन नवी सिमकार्डं ओळीनं मांडली. नेमकं कोणाचं हरवलं हे ठाऊक नसल्यानं त्यांनी मुलाचं, सुनेचं आणि बायकोचं, अशी तिन्ही बंद करून घेतली होती. दुकानदार म्हणाला होता, एकच करा; पण अर्धी लाइन बंद ठेवून काम करणारा माणूस ते नव्हते. नवी कार्डं संध्याकाळपर्यंत चालू होतील, आता कोणी काही चोरू शकत नाही, असं त्यांनी समाधानानं सांगितलं.

इंद्रजितनं तोंड उघडलं, पण रागावायचं कोणावर ते त्याला सापडेना. 'ज्याच्यानं नेट येते ते' हे शब्द त्याचेच होते. दीपा सासऱ्यांकडे बघत राहिली, मग कार्डांकडे, आणि मग ती अशी हसायला लागली की तिला साडीच्या पदरानं डोळे पुसावे लागले.

"मामाजी, तुमी बसा," ती म्हणाली. "मी चहा आनते."

नऊ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. दीपाला आर्णी आणि मारेगाव असे दोन तालुके दिले होते, आणि सोबत एक विनंती होती, की गावातल्या पहिल्या सभेला त्या शेजारणीलाही बोलवावं.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नवराबायको लॅपटॉप घेऊन बाजारातल्या दुकानात गेले. दुकानातल्या माणसानं झाकण उघडलं, कार्ड बाहेर काढलं, त्याची पिवळी कड साध्या खोडरबरानं चार वेळा घासली आणि परत बसवलं. पांढरी वायरही एका टिचकीत बसवली. वायफायचं चिन्ह आलं. मग त्यानं रिकाम्या चार भोकांकडे, झाकणावरच्या ओरखड्यांकडे आणि कडेला अडकलेल्या भुवईच्या केसाकडे बराच वेळ पाहिलं.

"हा कोनं खोलला होता?" त्यानं विचारलं.

इंद्रजितनं दुकानातल्या पंख्याकडे पाहिलं. "काय माहीत भाऊ," तो म्हणाला, "सेकंडहँड घेतला आमी."

"मंग ज्याचा होता त्याले सांगा," तो माणूस म्हणाला, "का बाप्पा, तू दुसरं काही काम पाह्य."

"सांगते," दीपा गंभीरपणे म्हणाली. "घरीच असते तो."