पोपटतात्यांची हळदीची डबी

तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तर आमच्या सोनई गावात कुणीही चहा पाजेल. आमचे शेजारी पोपटतात्या मात्र विचारतील, "ते जाऊंद्या. सापडलं काय?"

तात्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. वेड रॉकेटचं, तेही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. जर्मनांची उरलेली मिसाईलं अमेरिकेनं वाळवंटात नेऊन उडवली, ही हकिगत ते घरच्या लग्नासारखी सांगतात.

"बाँबच्या जागी कॅमेरा बशिवला! रॉकेट पडून चुराडा, पन फिलम पोलादी डबीत शाबूत. मान्सं डबी हुडकत वाळूत पळाली. वरून पिरथमी कशी दिसती, ते तव्हा कळलं."

थंड पेयाच्या बाटल्या, पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावर तात्यांचं रॉकेट झाडाच्या वर जातं. डबीत बटणाएवढा कॅमेरा. चार डब्या उसात हरवल्या. एक ऊसतोडीत सापडली, तिच्यात मुंग्या.

"तात्या, लग्नात येतो तसा ड्रोन आणा की," मी एकदा म्हणालो.

"ड्रोन आपला आपन माघारी येतो. मंग हुडकायचं काय?"

यंदा मात्र तात्या इरेला पेटले. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकूंचे, गुडघे गेलेले. दोन वर्षांत त्या रानात गेल्या नव्हत्या. एकदा सहज म्हणाल्या, "मी लावलेली चिंच केवढी झाली आसंल?" त्याच दिवशी स्वयंपाकघरातली हळदीची डबी गायब झाली.

उड्डाणाला तात्यांनी मला बांधाआड पालथं झोपवलं. "नियम हाय." स्वतः मात्र चिंचेजवळ उघड्यावर उभे. बाटली उडाली आणि शेजारच्या कांद्यात कोसळली. दोन तास आम्ही वाकून हुडकत होतो. मी मनात त्यांना शिव्या घातल्या, पण डबी दिसताच ओरडलोही मीच.

घरी येऊन मोबाईलवर चित्र लावलं. डबी धुतलीच नव्हती. अख्खं रान जेजुरीसारखं पिवळं! मध्ये गोल, डेरेदार चिंच. शेजारी एक टोपी आणि वर वळलेलं इवलं तोंड.

"ही बघ तुझी चिंच," तात्या म्हणाले.

काकूंचं बोट टोपीवर थांबलं होतं. "येवढ्या रानात एकलेच आस्ता व्हय?"

तात्या टोपी काढून डोकं खाजवू लागले.

"उद्या टेम्पोत खुर्ची टाका," काकू म्हणाल्या. "मी येती. आन् ती डबी घासून जाग्यावर ठिवा."

तात्या मुकाट्यानं डबी घासायला बसले. मी विचारलं, "तात्या, सापडलं काय?"

"गप रे," म्हणाले, आणि हळदीच्या हातानंच डोळे पुसले.