कापूसवाल्या काकांचं बंदुकीचं दुकान

आमच्या शेजारच्या दिगूकाकांच्या दोन्ही कानांत कायम कापूस असतो. सर्दी नाही, कान फुटलेला नाही. आवाज सोसत नाही, एवढंच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ते अंगणात येऊन उभे राहतात. दिवाळीत तर ते शहरातच नसतात. वसुबारसेला पिशवी भरून वेरूळच्या धर्मशाळेत जातात आणि भाऊबीज उरकली की परततात. लक्ष्मीपूजन काकू एकट्या करतात. कुणी चढ्या आवाजात बोलायला लागलं, की काका तळहात वर करून म्हणतात, "आवाज नको, मुद्दा सांगा."

तर हे दिगंबर टाकळकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि निरोप समारंभाचा हार सुकायच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आले. बंदुका विकायचं दुकान काढण्याच्या परवान्यासाठी त्यांनी अर्ज केला होता.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. माझी बायको म्हणाली, "कापसाचं काढत असतील. तुम्हीच नीट ऐकलं नसेल."

मला तितकं नवल वाटलं नाही, कारण त्यांच्या घरचं जुनं बंदुकीचं दुकान मी पाहिलेलं होतं. आमचं गाव वेरूळकडचं. मक्यात रानडुकरं घुसायची म्हणून आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका सरकार जमा करायला लावतं. चौकीत द्या, नाहीतर परवानेवाल्या दुकानात. आजोबा दुकानातच द्यायचे, कारण चौकीत चहा मिळत नाही. गुलमंडीच्या मागच्या बोळात काकांच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं दुकान होतं. निवडणुकीच्या दिवसांत तिथं गावोगावचे शेतकरी बंदुका घेऊन यायचे, बंदुकीच्या घोड्याला नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून घ्यायचे आणि मग दुपारभर बसून राहायचे. पाऊसपाणी निघायचं, सोयरिकी जमायच्या. एखादा नवखा बंदूक विकत घ्यायला आला, तर अण्णा त्याला आधी चहा पाजायचे. मग विचारायचे, "भांडण कुणाशी आहे?" आणि आठ दिवसांनी या म्हणून परत पाठवायचे. निम्मे पुन्हा यायचेच नाहीत.

गल्ल्यावर तरुण दिगूकाका, तेव्हाही कानांत कापूस घालून. आणि आत कोपऱ्यात गोणपाटावर रशीदचाचा, दुकानाचे मिस्त्री. गुडघ्यावर बंदुकीची नळी घेऊन बसलेले. मी गेलो की घासून झालेली नळी माझ्या डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "देख, चांद देख." दिव्याकडे धरलेल्या त्या नळीत उजेडाची कडी दिसायची, एकात एक. बंदुकीच्या तेलाचा तो वास मला अजून कुठं आला नाही.

पुढं अण्णा गेले. परवाना त्यांच्या नावाचा, मुलगा सरकारी नोकरीत. उरलेला माल दुसऱ्या दुकानदाराकडे गेला आणि शटर खाली आलं ते आलंच.

आता काकांनी नव्या परवान्यासाठी चपला झिजवायला घेतल्या. मुलाखतीला सोबत म्हणून मला नेलं. साहेबांनी विचारलं, "साधारण विक्री किती होईल?"

"शक्यतो होऊ नये," काका म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "मग दुकान कशाला, टाकळकर?"

"शटर वर पाहिजे साहेब, आणि आत बंदुका दिसल्या पाहिजेत. बस."

मी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी मात्र बराच वेळ त्यांच्या कानातल्या कापसाकडे बघितलं आणि कागद पुढं सरकवला.

मग चौकशीला हवालदार आमच्या घरी आले. "हे टाकळकर, मानूस कसा हाय?"

बायको म्हणाली, "फार साधा हो. कुकरच्या शिट्टीला घाबरतात."

हवालदारांचं पेन थांबलं. "वैनी, हे चांगल्यात लिव्हू का वाईटात?"

शेवटी दुकानाची तपासणी ठरली. काकांनी शेंद्र्याच्या एका वर्कशॉपमधून जाडजूड जाळी करून आणली, लोखंडी कपाट आणलं, कॅमेरे लावले. इन्स्पेक्टर साहेबांना सगळं पसंत पडलं. जाता जाता एका शिपायानं शटर मजबूत आहे का बघायला ते जोरात खाली ओढलं. धाडकन आवाज झाला. शटर वर गेलं तेव्हा काका जागेवर नव्हते. कपाटाच्या मागं, कानांवर हात ठेवून उकिडवे बसले होते. साहेब वाकून म्हणाले, "टाकळकर, अजून विचार करा."

"विचार झालाय साहेब," काका तिथूनच म्हणाले. "शटरला तेल घालतो."

मंडळी गेल्यावर माझा संयम सुटला. म्हटलं, "काका, कशाला हा खटाटोप? झेरॉक्सचं मशीन टाका. बोळात चांगलं चालेल."

काकांनी बाहेर पायरीकडे बोट केलं. पायरीवर एक वाळलेला म्हातारा मांडीवर डबा घेऊन बसला होता. ओळखायला मला वेळच लागला. रशीदचाचा.

"दुकान बंद झालं तरी रोज सकाळी येतात," काका म्हणाले. "आधी मला वाटलं, सवय आहे, जाईल. आता विसरायला लागलेत. अण्णा गेलेले त्यांच्या लक्षात नाही. 'सेठ चाबी लेके आतेच होंगे' म्हणतात आणि दुपारपर्यंत बसतात. मागं मीच शटर उघडून आत नेलं, तर रिकामे रॅक बघून रडायला लागले. 'बंदूकां किधर गए? चोरी हो गई. सेठ मेरेकूच पूछेंगे.' इतकी वर्षं एक छर्रा इकडचा तिकडं झाला नाही त्यांच्या हातून. त्यांना असं चोरासारखं वाटावं, हे मला सहन होत नाही रे."

काकांनी शटरच्या पट्टीत तेल सोडलं. मग म्हणाले, "अण्णा दुरुस्त केलेली बंदूक माळावर नेऊन वाजवून बघायचे. भीती मोडावी म्हणून मलाही ओढत न्यायचे. चाचा बंदूक भरून त्यांच्या हातात द्यायचे आणि पळत येऊन माझे कान झाकायचे. तेलाचे हात. घरी गेलं की आई साबणानं कान धुवायची."

परवाना आला. काकांनी पेढे वाटले. पण परवाना भिंतीवर आणि रॅक रिकामेच, कारण माल मागवून विकायला बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं. चाचा पायरीवरच. आणि मग निवडणूक लागली.

मी गावाकडं चुलतभावाला, सुदामला फोन केला; आजोबांच्या माघारी बंदुकीचा परवाना त्याच्या नावावर होता. "आजोबांची बंदूक टाकळकरांच्या दुकानात आणून जमा कर. उघडलंय."

"व्हय? आन् च्या?"

"चहा पण आहे."

सुदामनं गावात सांगितलं, गावानं पंचक्रोशीत सांगितलं. दुकान भरलं. पांढऱ्या टोप्या, मोटारसायकलवर आडव्या बांधून आणलेल्या बंदुका, तोच पुठ्ठा, तोच दोरा. मी रजा काढून चिठ्ठ्या लिहायला बसलो. खोटं कशाला सांगू, आजोबा आता कुठून तरी तंबाखू मळत आत येतील असं दिवसभर वाटत होतं.

काकांनी चाचांना हाताला धरून आत आणलं. चाचांनी भरलेल्या रॅकवरून सावकाश नजर फिरवली. डबा भिंतीच्या जुन्या खिळ्याला अडकवला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. "सेठ कू बोलो, भोत काम पड्या है."

काकांनी त्यांना एक फडकं आणि आमच्या आजोबांची बंदूक दिली. चाचा रोज तीच पुसायचे. बोलायचे फार हळू, तोंडाजवळ कान नेल्याशिवाय कळत नसे. त्या दिवसांत एकदा माझ्या लक्षात आलं की काकांच्या कानांत कापूस नाही. काकूंना सांगितलं तर त्यांना ते खरं वाटेना.

निकालाच्या दिवशी दुपारी मी दुकानात होतो. निवडून आलेल्यांची मिरवणूक बोळात शिरली आणि कुणीतरी दारासमोरच फटाक्यांची लांबलचक माळ लावली. चाचांच्या हातातलं फडकं गळालं. ते लहान पोरासारखे थरथरायला लागले. मी काकांकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता हे कपाटामागं जाणार.

काका पळाले ते कोपऱ्याकडे. चाचांसमोर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही तळव्यांनी त्यांचे कान घट्ट झाकले. बाहेर आवाज चालूच होता. प्रत्येक बाराला काकांचे खांदे उडत होते, पण हात हलले नाहीत.

चाचांनी मान वर केली. त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे तेलकट हात वर आले आणि त्यांनी काकांचे कान झाकले.

"डरू नक्को दिगूबाबा," ते म्हणाले. "सेठ एकच बार बजाते."

दोन म्हातारे एकमेकांचे कान धरून बसले होते. मी उठून शटर खाली घेतलं. त्याचा जराही आवाज झाला नाही.

पुढच्या आठवड्यात सुदामचा फोन आला. "आचारसंहिता उठली म्हनं. बंदूक न्यायला कवा येऊ?"

"राहू दे रे तिथंच," मी म्हणालो. "तिचं काम चालू आहे."