वाड्यावरच्या आरतीचं ॲप

कंप्युटरची जावा भाषा शिकायला लोकांना वर्षं लागतात म्हणे. मला एक मे महिना पुरला!

दिवसभर साखळी गावच्या एका पतसंस्थेत पासबुकं छापायची आणि संध्याकाळी आमोण्याला घरी येऊन मोबाईलवर फुकटातले धडे बघायचे. एवढ्या भांडवलावर मी चतुर्थीच्या आधी आख्खं ॲप उभं केलं. आई म्हणत होती, "गौरेश, अरे, माटोळी बांधूंक तरी हात लाय!"

मी म्हटलं, "आई, माटोळी कोणीही बांधील. ॲप कोण बांधणार?"

माटोळी शेवटी तिनेच बांधली. गणपतीच्या डोक्यावर नारळ, सुपाऱ्या, काकड्या टांगताना स्टुलावरून ती माझ्याकडे जशी बघत होती, ते मी इथे लिहीत नाही.

ॲपची गरज काय, हे आधी सांगायला हवं. आमच्या वाड्यावर बारा घरं आणि बाराही घरी दीड दिवसाचे गणपती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घुमट, शामेळ, कांसाळी अशी वाद्यं घेऊन आरतीची मंडळी घरोघर फिरते आणि मग सगळे गणपती एकदमच मांडवी नदीवर निघतात. पहिली आरती ज्याच्या घरी, त्याचा त्या वर्षीचा मान. हा मान दरवर्षी एकेक घर पुढे सरकतो. म्हणजे एकदा हुकला की बारा वर्षं बसा हात चोळत! आणि आरतीला कोणी बोलावणं धाडायचं नसतं. मंडळी आपणहून यायची. ज्यानं बोलावलं, त्यानं आपला मान आपल्याच हातानं घालवला, अशी आमच्याकडची रीत.

यंदा मान होता भिकाजीकाकांचा. मागच्या पाळीला ऐन चतुर्थीत त्यांच्या भावकीत कोणीतरी गेलं, सुतक लागलं आणि परक्या कुळातल्या दोघांनी येऊन त्यांचा गणपती गुपचूप पोचवला. ना घुमट, ना आरती. तेव्हापासून काका या वर्षाकडे डोळे लावून बसले होते. घराला रंग दिला, दोन्ही मुली जावयांसकट बोलावल्या. त्यांच्या सुलोचनाकाकींनी करंज्यांसारख्या नेवऱ्या तळल्या त्या सगळ्या वाड्याला दोनदा पुरतील इतक्या!

पण गेल्या वर्षी पहिलं घर कोणाचं होतं आणि त्यानंतर कोण, यावर दरवर्षी देवळासमोर भांडण ठरलेलं. मी म्हटलं, हे माणसाचं काम नाही, ॲपचं आहे! बारा घरांची नावं मानाच्या क्रमानं घातली; दरवर्षी यादी आपोआप एक घर पुढे सरकेल, अशी सोयही केली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत घराचं नाव, खाली 'झाली आरती' असं बटण. बटण दाबलं की पुढचं घर. मोजणी अर्थातच एकपासून सुरू केली. शहाणा माणूस आणखी कुठून मोजणार? जावाची मोजण्याची तऱ्हा वेगळी असते असं एका धड्यात होतं खरं, पण तो धडा चालू असताना दारात पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला आणि मी गरम उंडे घ्यायला गेलो.

ॲप चालू करून पाहिलं तर पहिल्याच पडद्यावर 'आनंदीकाकीचें घर'! म्हणजे आमचंच. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "बरां दिसता रे नांव!" त्या कौतुकानं मी इतका हुरळलो की आमच्या आधीचं घर कुठे गेलं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर सगळी मंडळी जमली. घुमट वाजवणारा श्रीनाथ म्हणजे मंडळीचा म्होरक्या. त्याच्या फोनात मी ॲप घालून दिलं आणि छोटंसं भाषण ठोकलं.

"आजपासून वाद बंद! ॲप सांगेल त्या घरी जायचं. कोणी स्वतःचं डोकं वापरायचं नाही!"

"अजिबात वापरचंय नाय," श्रीनाथ म्हणाला. आमची मंडळी एरवी कोणाचं काही ऐकत नाही. त्या दिवशी मात्र तंतोतंत ऐकलं, हेच माझं दुर्दैव.

मी घरी येऊन झोपाळ्यावर बसलो. दहा मिनिटं झाली असतील नसतील, तोच घुमटाचा आवाज आमच्याच दारात!

मला वाटलं, भिकाजीकाकांकडची आरती एवढ्यात आटोपली? व्वा रे माझं ॲप! आरती झाली, आईनं नेवऱ्या वाटल्या. श्रीनाथचा चेहरा जरा उतरलेला दिसला, पण तो घुमट वाजवून दमला असेल असं मी समजलो. जाताना तो आईच्या कानात काहीतरी कुजबुजला. आईनं तोंडावर पदर धरला. मी बटणाचा रंग हिरवा ठेवायला हवा होता की केशरी, या विचारात होतो.

थोड्या वेळानं घुमट पुन्हा आमच्या दारात!

"अरे, परत आमच्याकडे?"

"ॲप सांगता," श्रीनाथ फोन पुढे करत म्हणाला. "दोन घरां जाली. तिसऱ्याक अक्षरां बारीक दिसली म्हणून फोन आडवो धरलो. तर परत तुमचें नांव! डोकां वापरूंक नाय आमी."

माझ्या लक्षात आलं. फोन आडवा केला की ॲप मागचं सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होतं. नवशिक्यांच्या बाबतीत हे होतंच, असं नंतर वाचलं. मी म्हटलं, "फोन उभाच धर रे!"

"आतां आयलो आसा तर आरती करून जातंव," श्रीनाथ म्हणाला. पुन्हा आरती, पुन्हा नेवऱ्या. तिसऱ्यांदा आले तेव्हा फोन शामेळवाल्याच्या हातात होता आणि उभा-आडवा हा बोध त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आतां घरांत वाटूंक फकत माटोळी उरल्या!"

मंडळी गेल्यावर मी दुरुस्तीला लॅपटॉप उघडला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. एवढ्यात आई साधं लुगडं नेसून समोर उभी.

"चल, भिकाजीगेर जावंक जाय. दारातसून तोंड दाखवून येवंया."

"तोंड कशाला?"

"सुतक आसा न्हय त्यांका! यादीतसून नांव काडलंय तुयाच, आनी माका विचारतंय? चोपडें गांवचे सगुणकाका गेले दिसता. तेच पिकले आसत त्यांच्या भावकीत. श्रीनाथान दोगांक धाडल्यात, गणपतीक पोचोवपाक. बिचारो भिकाजी! परत तीच पाळी!"

"कोणी सांगितलं सगुणकाका गेले म्हणून?"

"सांगूंक कित्याक जाय? मानाचें नांव उगीच कोण काडता?"

"मग कोणी फोन करून विचारलं का नाही?"

"सणाच्या दिसा, तुमच्या घरांत कोण मेलो, अशें विचारतत?"

मी पडद्यावरच्या ओळीकडे बघितलं. तिथे मोजणी एकपासून सुरू होत होती. जावा शून्यापासून मोजते. भिकाजीकाकांचं घर शून्यावर बसून दुपारपासून वाट बघत होतं! चपला न घालताच मी धावत सुटलो.

काकांच्या घरी पोचलो तर काय देखावा! समया पेटलेल्या, जावई नव्या कुर्त्यांत, काकी नऊवारीत. आणि मधोमध आमच्या वाड्यावरचे दोघेजण लांब चेहरे करून गणपतीच्या पाटाला हात घालताहेत. काका पाट आणि दार यांच्यामध्ये हात पसरून उभे!

"हात काडा! आरती जावंक नाय अजून!"

"काका, देवाची इच्छा," त्यातला एक म्हणाला. "तुमी शिवू नका. आमी पोचयतंव."

"मी कित्याक शिवू नको? माझो गणपती!"

"सुतक..."

"कोणाचें सुतक? कोण मेलो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं मान खाली घालून सांगितलं, "चोपड्याचे सगुणकाका."

"अरे देवा!" काकी मटकन खालीच बसल्या. थोरल्या मुलीनं हुंदका दिला. जावयांना सगुणकाका कोण हे ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी रीतसर टोप्या काढल्या. मी दारातून ओरडत होतो, "कोणीही मेलं नाही! कोणीही मेलं नाही!" पण रडण्यात ते कोणाला ऐकू जाणार? शेवटी मीच काकांच्या फोनवरून चोपड्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"कोण?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"सगुणकाका, तुम्ही बरे आहात ना?"

"कसलो बरो! दनपारच्यान गांवचे लोक माझ्या सुनेक विचारतत, म्हातारो कितक्या वाजतां गेलो म्हणून! कोण, आमोण्याचो काय तू? मग आयक. मी मेलंय म्हणून तुमका कळलां, तरी आमोण्यासून एकय माणूस येवंक नाय? हीच काय आमची भावकी?"

फोन आपटल्याचा आवाज आला. काकी डोळे पुसत हसू लागल्या. काका मात्र हसले नाहीत. ते हळूच माझ्याकडे वळले.

"मग माझें नांव कित्याक काडलंय?"

"काढलं नाही हो काका! कंप्युटर शून्यापासून मोजतो. तुमचं घर पहिलं, म्हणून ते शून्यावर बसलं आणि ॲपनं एकपासून सुरुवात केली."

"म्हणजे माझें घर शून्य?"

"शून्य म्हणजेच पहिलं, काका!"

"आनी एकार कोणाचें?"

मागून आलेल्या आईनं खरं सांगून टाकलं, "आमचें."

"थंय आरती किती फावटी जाली?"

"तीन," आई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. वेळ बघून तरी शिकावं!

काका खांबाला टेकून उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बारा वर्षांनी आलेला मान मी एका आकड्यापायी घालवला होता आणि बोलावणं धाडायचं नाही म्हणून हा माणूस दुपारपासून नुसता दाराकडे बघत बसला होता. मला तिथेच रडू फुटलं. मी तसाच श्रीनाथला शोधत धावलो.

मंडळी आठव्या घरी होती. सगळा प्रकार कळताच श्रीनाथनं फोन माझ्या हातात ठेवला. "आतां डोकां वापरतंव आमी," म्हणाला, आणि सगळे अर्ध्यातून परत फिरले. पुढच्या चार घरांनीही थांबायचं कबूल केलं. इतकंच नाही, ती माणसंही आरतीला काकांच्या अंगणात आली. तीनदा आरती घेतलेले आम्हीही, लाजत का होईना, गेलो.

तशी आरती मी जन्मात ऐकली नव्हती. श्रीनाथनं आपलं घुमट काकांच्या गळ्यात अडकवलं. काकांनी वाजवायला सुरुवात केली आणि लोकांना जेवढ्या आरत्या पाठ होत्या तेवढ्या सगळ्या झाल्या. संपल्या तेव्हा काही पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या. दिवे लागायची वेळ झाली तरी कोणाचा पाय निघेना. काकींच्या नेवऱ्या खरोखरच सगळ्या वाड्याला दोनदा पुरल्या.

मग उरलेली घरं झाली, आणि सगळे गणपती मिळून मांडवीच्या काठावर आले. काकांचा गणपती पुढे होता. परत फिरताना मी धीर करून त्यांच्या शेजारी चालू लागलो.

"काका, चूक सापडली. एका आकड्याची होती. आजच दुरुस्त करतो."

"नाका रे," काका शांतपणे म्हणाले. "कित्याक बदलतंय? कष्ट घेतलंय तुया. आसा तशेंच दवर."

मला गहिवरून आलं. एवढा मोठा घोळ घातला, आणि या माणसाचं मन बघा! मी म्हटलं, "म्हणजे पुढच्या वर्षीही हेच ॲप वापरायचं?"

"हेंच. एक अक्षरूय बदलू नाका," काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या वर्सा मान तुमगेर आसा. शून्यार तुमचें घर!"

मी आईकडे पाहिलं. ती आधी माझ्या हातातल्या फोनाकडे आणि मग मांडवीकडे बघत होती. मी फोन गुपचूप खिशात घातला.